आश्विनातला तिश्री

आमच्या स्वयंपाकघरात दोन पंचांगं शेजारी शेजारी टांगलेली असत. एक सगळ्यांच्या घरी असतं ते, आणि दुसरं मुंबईहून येणारं, हिब्रू तिथ्यांचं. आजीला दुसरं वाचता येत नसे आणि पहिलं बघायची गरज वाटत नसे. ती चंद्र बघे. सर्वपित्री अमावास्या सरली की शेजारी घट बसत आणि आमच्याकडे तिश्री महिना लागे. शेजारच्यांचा दसरा तोच आमचा किप्पूरचा रोजा. त्यांची कोजागिरी येई तेव्हा आमचा मांडवाचा सण सुरू होई. दोन्ही महिने एकाच चंद्रावर चालतात. फक्त दोघांचा अधिक मास दर वेळी एकाच वर्षी पडत नाही, आणि मग सण महिनाभर पुढेमागे होतात. अशा वर्षी आजीला काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटे. दसऱ्याशिवाय रोजा म्हणजे तिच्या लेखी अर्धाच रोजा.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे अलिबाग तालुक्यातले मराठी ज्यू. कोकणातल्या गावांवरून आमची आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर. घरात बोलायचं मराठी, गळ्यात मंगळसूत्र, लग्नात मेंदी. गाव आम्हाला ‘शनवार तेली’ म्हणे. आमचे पूर्वज घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. त्या दिवशी बैलालाही सुट्टी. आजीचे आजोबा या पेशातले शेवटचे. ती सांगे, शुक्रवारी दिवस कलला की बैल आपणहून थांबायचा, त्याला हाकारायची सोय नव्हती.

तिश्रीतला पहिला सण नव्याचा. पुस्तकात त्याला रोश हशाना म्हणतात, आजीने तो शब्द फारसा वापरला नाही. या सणाला आमच्याकडे हलवा व्हायलाच हवा. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग पाट्यावर वाटून फडक्यातून चीक काढायचा. नारळ किती खोवायचे ते घरात माणसं किती यावर. नारळाचं दूध, साखर आणि चीक एका मोठ्या टोपात चुलीवर चढवला की कोणालाही उठायची मुभा नसे. लाकडी डाव एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाई, टोपात तो फिरत राहिलाच पाहिजे. बायका दमल्या की पुरुष, पुरुष दमले की आम्ही पोरं. बुडबुडे जड होत, मग ते ‘पुट्’ असा आवाज करून फुटत आणि मनगटावर चटका बसे. कडेने सुटायला लागला की आजी डाव उभा धरून बघे: घरंगळला तर नाही, लटकून राहिला तर झाला. मग तूप न घालताच ताटांत ओतायचा. वरून बदामाचे काप, वेलची. त्या दिवशी जेवणात मटण असणार, आणि मांसाच्या जेवणाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून आमच्या सगळ्या गोडात नारळाचं दूध. कोकणात धर्म पाळायला नारळ पुरला, असं माझे वडील गमतीने म्हणत.

हा हलवा ढवळताना आजी गोष्टी सांगे. हात गुंतलेले असायचे आणि पळून जाता येत नसे, ऐकायला याहून चांगली वेळ नाही.

पहिली गोष्ट गलबताची. फार फार पूर्वी आपल्या लोकांवर जुलूम झाला, म्हणून ते गलबतात बसून निघाले. चौलच्या बंदराकडे येत असताना नवगावजवळ गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका जिवंत किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांची प्रेतं वाहून आली, ती नवगावातच पुरली. ग्रंथ, भांडी, सगळं समुद्राने नेलं. प्रार्थनेतली एकच ओळ तेवढी तोंडात राहिली, ‘शेमा इस्राएल’. तीच मग जन्माला, लग्नाला आणि मयताला.

हे कधी घडलं, यावर विद्वानांचं एकमत नाही. आमच्या समाजाचे पहिले मोठे इतिहासकार हाईम शमुवेल किहीमकर यांनी इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास, असा अंदाज बांधला. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला होता, तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या पश्चात. जगभरचे ज्यू हनुक्का करतात, आमच्या जुन्या माणसांना तो सण ठाऊकच नव्हता. ज्या घटनेची ती आठवण, तिच्या आधीच आपले पूर्वज निघाले असणार, असा तर्क त्यावरून लढवला जातो. नवगावात आज त्या कबरींपाशी स्मारकाचा स्तंभ उभा आहे.

आजीला सालाशी देणंघेणं नव्हतं. तिचा प्रश्न वेगळाच असे. “सातजणी ओलेत्या वर आल्या. त्यांना कोरडं लुगडं कोणी दिलं असेल गं?” गोष्टीत याचं उत्तर नाही. गोष्ट सात जोडप्यांवर थांबते, किनाऱ्यावरच्या माणसांबद्दल ती काहीच बोलत नाही. आजी मात्र दर वर्षी तिथेच अडायची. कोणीतरी शेकोटी पेटवली असेल, पेज दिली असेल, पुरायला जागा दिली असेल, तेव्हा कुठे आपण इथे हलवा ढवळतोय. तिचं देवाचं म्हणणं वेगळं, ते ती रोज म्हणे. हे शेकोटीवाल्यांचं खातं ती तिश्रीत उघडायची.

दुसरी गोष्ट दाविद रहाबीची. परदेशातून एक जाणता माणूस आला. हे लोक शनिवार पाळतात, मुलाची आठव्या दिवशी सुंता करतात, हे पाहून त्याला शंका आली. त्याने बायकांपुढे मासळीची पाटी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी सुरमई, पापलेट, रावस घेतले. कोळंबी आणि चिंबोऱ्या बाजूला सारल्या. पर आणि खवलं असेल तेच खायचं, हा तोरा या धर्मग्रंथाचा नियम त्यांना कोणी वाचून दाखवला नव्हता, सासूने सुनेला पाटीपाशी बसून शिकवला होता. रहाबीची खात्री पटली आणि त्याने शिकवायला सुरुवात केली. आजीच्या हिशोबाने याला हजार वर्षं झाली. काही अभ्यासक मात्र त्याची गाठ अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याशी घालतात. पुढे एकोणिसाव्या शतकात जॉन विल्सन यांच्यासारख्या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी आमच्या मुलांना हिब्रू शिकवलं आणि जुना करार मराठीतून हाती दिला. त्यांना आमचं धर्मांतर हवं होतं. आमचे लोक हिब्रू शिकले, आणि होते त्याहून पक्के ज्यू झाले.

नव्याच्या सणानंतर खिरीचा सण, नव्या दाण्याची, गुळाची आणि नारळाच्या दुधाची खीर. आणि दहाव्या दिवशी दरफाळणीचा, म्हणजे किप्पूर. त्या दिवशी घराची दारं बंद होत. पांढरे कपडे, अंघोळी आटोपलेल्या, अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या कोणाशी शब्द नाही. आदल्या दिवशी घरातल्या मेलेल्या माणसांचे आत्मे येतात आणि रोज्याच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात, असं जुनी माणसं मानत. शेजारच्यांचा पितृपक्ष नुकताच संपलेला असे, त्यामुळे आमच्या पितरांचं कोणाला नवल वाटत नसे.

अख्खा दिवस दार लावून बसायचं म्हणजे बाहेरचं कोणीतरी बघायला लागतं. म्हशीला वैरण कोण घालणार? अंगणात वाळत घातलेलं भात सरीत भिजलं तर? आजीच्या लहानपणी हे सगळं शेजारची आगऱ्याची वहिनी बघे. सकाळीच ती पोरांना दम देई, “आज तेल्यांचं दार वाजवायचं नाय.” दसऱ्याचा दिवस, संध्याकाळी गावभर सोनं लुटायला माणसं निघत. आमच्या घराशी आली की ओटीवर आपट्याची पानं ठेवून, आवाज न करता पुढे जात. आत दिवेलागणीनंतर रोजा सुटे, काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत आणि रव्याखोबऱ्याच्या गोड पुऱ्या खाऊन. बाहेरचं सोनं मात्र सकाळीच आत यायचं. शिळ्या सणाला दार उघडलं की आजीची आई आधी ती पानं उचलून देवळीत ठेवी, मग पुऱ्यांची ताटं भरून घरोघर निघे. त्या दिवशी गरिबाला काही दिल्याशिवाय जेवायचं नाही, हाही नियम होता.

धर्म आम्ही टिकवला, असं आमच्या सभांतून अभिमानाने सांगितलं जातं. खरंच आहे ते. पण दार आतून लावणं आपल्या हातात असतं. ते दिवसभर लावलेलं राहू द्यायचं की नाही, हे बाहेरच्यांच्या हातात. पुष्कळ देशांत ज्यूंच्या बंद दारांवर दगड पडले. आमच्या ओटीवर आपट्याची पानं पडली. म्हणून आमच्या आभाराला दोन तोंडं आहेत, एक वर आणि एक शेजारी.

नवसाचंही तसंच. मुंबईतलं आमचं पहिलं प्रार्थनालय एका नवसातून उभं राहिलं. समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच शमुवेल इझिकेल, कंपनी सरकारच्या पलटणीत अंमलदार होते. म्हैसूरच्या लढाईत भावासकट टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. सुटलो तर देवाचं घर बांधीन, असं ते बोलले. जुनी माणसं सांगत, हे बेने इस्राएल आहेत म्हणताच टिपूच्या आईने रदबदली केली, ज्या इस्राएलच्या लेकरांचं नाव कुराणात आहे त्यांना मारू नको म्हणाली. समाजी सुटले आणि १७९६ साली त्यांनी मांडवी भागात प्रार्थनालय बांधलं, ‘शआर हरहमीम’, दयेचं द्वार. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणतात, तिथल्या गल्लीला शमुवेल स्ट्रीट नाव पडलं. प्रार्थनालयासाठी तोराची गुंडाळी आणायला ते कोचीनला गेले आणि तिथेच वारले. आजीला या गोष्टीतही समाजींपेक्षा सुलतानाची आई जास्त आवडे. “मधे बोलणारी बाई होती म्हणून.”

आम्हा साध्या माणसांच्या नवसाला मालिदा पुरे. दुखणं उतरलं, लग्न ठरलं, नवं घर घेतलं, पोरगा परीक्षेत सुटला की मालिदा. पोहे धुऊन त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम, मनुका कालवायच्या, ताटात रास करायची, भोवती पाच तऱ्हेची फळं मांडायची, सब्जाची काडी नाहीतर गुलाबाची पाकळी ठेवायची. मग सगळ्यांनी मिळून एलियाहू हन्नवीचं गीत म्हणायचं आणि झाडाच्या फळाचे, जमिनीच्या पिकाचे, सुवासाचे वेगवेगळे आशीर्वाद. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर प्रेषित एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत, तिथूनच ते स्वर्गाला गेले, अशी श्रद्धा. शेवात महिन्याच्या पौर्णिमेला त्यांचा उरूस भरतो. मालिदा असा, एलियाहूच्या नावाचा, जगातले बाकीचे ज्यू करत नाहीत. त्याचे पोहे आणि नारळ बघितले की तो कुठे रुजला हे वेगळं सांगावं लागत नाही.

१९४८ साली इस्रायल स्थापन झालं आणि आमची गावं रिकामी होत गेली. स्वातंत्र्याच्या वेळी आम्ही २०,०००च्या आसपास होतो. लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेबा अशी नावं घरच्या पत्रांतून यायला लागली. तिकडे गेलेल्यांना आधी वाळवंट आणि मग शंका भेटली. तुमची लग्नं आमच्या लेखी शुद्ध आहेत का, असं धर्मपीठाने विचारलं. मराठी बोलणारी माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली आणि १९६४ साली तिथल्या संसदेने, क्नेसेतने, ठराव केला, की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. आजी बातमी ऐकून म्हणाली, “रहाबीने एका पाटीत ओळखलं, यांना एवढी वर्षं लागली.” ती स्वतः गेली नाही. महाराष्ट्रात आज आम्हाला अल्पसंख्याक दर्जा आहे, २०१६ पासून. अख्ख्या भारतातले सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आत असतील. अलिबागच्या इस्रायल आळीत १८४८चं मागेन आबोथ प्रार्थनालय उभं आहे, ठाण्यात १८७९चं शआर हशामाइम. मांडवाच्या सणाला तिथे झावळ्या बांधतो, फळांचे घोस टांगतो आणि शेवटी त्यांचा लिलाव करतो. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमायला कधी कधी फोनाफोनी करावी लागते. लिलावात चढी बोली लावायला मात्र अजून माणसं कमी पडत नाहीत.

लोदला माझी मामेबहीण असते. गेल्या वर्षी तिच्या नातवाची पलटणीतली मुदत संपली, तो सुखरूप घरी आला, तेव्हा तिने मालिदा केला. तिचं पहिलं ताट समोरच्या मोरोक्कोवाल्यांकडे गेलं. आमच्यात पहिलं ताट बाहेरच जातं, घरची माणसं नंतर. परतताना सोबत त्यांचे पाहुणे आले, त्यातल्या एका शिकलेल्या गृहस्थाने विचारलं, हा विधी कुठल्या ग्रंथात सांगितलाय? आणि प्रेषिताचा प्रसाद आधी शेजाऱ्याला कसा?

तिने त्याला आजीचंच उत्तर दिलं, हिब्रूत घोळून: “देवाला काय, वास पोचतो. शेजारणीला ताट लागतं.”

गृहस्थ दोनदा घेऊन खाऊन गेला. मला फोनवर हे सगळं सांगून झाल्यावर तिने मुद्द्याची गोष्ट काढली. तिकडे दुकानात पोहे मिळतात, पण पातळ. भिजवले की लगदा होतो. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर जाडे पाठव, दोन किलो तरी.