जवळ असून ऐकू येईना

१९२८ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी गाड्यांत रेडिओ बसवले. त्यांवर फक्त ऐकता येई. उत्तर द्यायला टेलिफोन गाठावा लागे. पुढे दुतर्फा संच आले आणि पोलीस, अग्निशमन दल यांनी आपापल्या वारंवारता घेतल्या. एकमेकांचा अडथळा टळला, पण एकमेकांचे ऐकू येणेही बंद झाले.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये दक्षिण मनोरा कोसळला. उत्तर मनोराही पडेल, हा पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिलेला इशारा त्या मनोऱ्यात चढलेल्या अग्निशमन जवानांच्या संचांवर पोचलाच नाही. शिवाय उंच इमारतीत त्यांचे स्वतःचे संचही नीट चालत नव्हते. त्या दिवशी या दलाचे ३४३ जण गेले.

यावर उपाय काय? आपण बँकेतील खिडक्या आठवू. सर्वांची एकच रांग केली, तर मोकळ्या होणाऱ्या खिडकीकडे पुढचा माणूस जातो. एकही खिडकी रिकामी राहत नाही. 'ट्रंकिंग' पद्धतीत बटण दाबताच संगणक अशीच मोकळी वारंवारता देतो. त्यामुळे थोड्या वारंवारतांत अनेक दले सामावतात, आणि संकटात त्यांचा एक गटही करता येतो. मात्र त्या गटात कोणी असावे, हे माणसांनी आधीच ठरवावे लागते.