मिठूला नोंदणी नाही

पोपट पाळणं गुन्हा आहे असं ऑफिसात सांगितलं की लोक आधी हसतात. मग म्हणतात, "अरे, आमच्या आजीकडे पंधरा वर्षं होता!" असेलच. सिडकोत सकाळी चक्कर मारली तर कुठल्यातरी गॅलरीतून शीळ ऐकू येतेच. गंमत म्हणजे आफ्रिकेतून आलेला राखाडी पोपट, आफ्रिकन ग्रे, मात्र नोंदणी करून राजरोस पाळता येतो. घरचा राघू बेकायदा आणि पाहुणा कायदेशीर! हे गौडबंगाल शोधताना एक अख्खा शनिवार गेला.

आपल्याकडे पोपटाचं कौतुक जुनंच. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण, आणि तिथल्या सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीतही पोपटांचा थवा आकाशातून उतरतो. पण थवा वेगळा आणि पिंजरा वेगळा.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात प्राण्यांची परिशिष्टं होती. सगळ्यात मौल्यवान ते पहिल्या परिशिष्टात. असा प्राणी ज्यांच्याकडे आधीपासून होता त्यांनी तीस दिवसांत जाहीर करायचा, म्हणजे मालकीचं प्रमाणपत्र मिळण्याचा रस्ता मोकळा. तेव्हा शिकारीचे आणि पक्षी पकडण्याचेही परवाने असत. १९९०-९१ च्या सुमारास देशी पक्ष्यांचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही गेले.

पुढची संधी २००३ ची. जुना साठा जाहीर करायला १८० दिवस दिले गेले. पण कुणाला? पहिल्या परिशिष्टातले आणि दुसऱ्याच्या दुसऱ्या भागातले प्राणी, त्यांची कातडी, शिंगं वगैरे बाळगणाऱ्यांना. पोपट तेव्हा चौथ्या परिशिष्टात! म्हणजे आजोबांनी भिंतीवर लावलेलं वाघाचं कातडं जाहीर करता येत होतं, आजीचा मिठू नाही. मिठूचा अक्षरशः पोपट झाला :-)

मग जून २०२० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने परदेशी प्राण्यांसाठी स्वेच्छा घोषणेची योजना आणली. सहा महिन्यांत सांगा, कागदपत्रं मागणार नाही. नंतर मुदत वाढलीही. २०२२ च्या दुरुस्तीने हे सगळं कायद्यातच आलं. धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावर 'साइटीस' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारत १९७६ पासून त्यात आहे. त्याच्या याद्यांतले परदेशी प्राणी नव्या चौथ्या परिशिष्टात गेले. २८ फेब्रुवारी २०२४ ला नियम आले: परिवेश पोर्टलवर अर्ज, हजार रुपये शुल्क, आधीपासून असलेल्यांना सहा महिने, नंतर प्राणी घेतला तर तीस दिवस. पिल्लू झालं, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, सगळं कळवायचं. (ज्यांना आपण लव्हबर्ड्स म्हणतो त्यातले बहुतेक बजरिगर असतात. ते साइटीसच्या यादीतच नाहीत, त्यामुळे त्यांना ही कटकट नाही.)

आणि आपला मिठू? या दुरुस्तीत तो चौथ्यातून दुसऱ्या परिशिष्टात चढला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पहिल्यांदा वाचलं की हा उघड बग वाटतो. पण थोडं खोदलं की डिझाइन दिसतं. बजरिगर पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मतात. बाजारातला देशी पोपट मात्र झाडाच्या ढोलीतून आलेला असतो. मादी साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये अंडी घालते, आणि पकडणारे पिल्लांना पंख फुटायच्या आतच काढतात. समजा फेब्रुवारीत जाहीर केलं की सहा महिन्यांत मिठू नोंदवा, तर नोंदणीला जुने कमी आणि त्याच हंगामात ढोलीतून काढलेले जास्त आले असते. वय सांगणार कोण? आफ्रिकन ग्रे तरी कुठे निष्पाप आहे म्हणा. जंगलातून एवढा उचलला गेला की २०१६ च्या साइटीस परिषदेत त्याला सर्वात कडक यादीत टाकावं लागलं. फक्त ती रिकामी ढोली आफ्रिकेत राहिली, आपल्या वनखात्याच्या हद्दीत नाही.

हाच आपला राघू लंडनच्या बागांमध्ये थव्याने उडतो. पाळलेले सुटले, वाढले, आणि तिकडे तो परका पक्षी ठरला. तिथे मात्र पिंजऱ्यात ठेवायला हरकत नाही!

म्हणून मला बंदी योग्यच वाटते. अडतं ते जुन्या पक्ष्यांपाशी. पोपट वीसेक वर्षं सहज जगतो. पंधरा वर्षं पिंजऱ्यात काढलेल्याला खिडकीतून सोडला तर त्याला ना उडायची ताकद, ना कावळ्या-मांजरांची ओळख. वनखात्याला द्यावा तर त्यांनी ठेवावा कुठे? विक्री, हस्तांतर, पिल्लं सगळ्याला बंदी, पायात कडं, आणि मालकाच्या नावावर मरेपर्यंत सांभाळ, एवढी एक ओळ कायद्यात बसली असती. नोंद पशुवैद्याच्या तपासणीनंतरच, आणि पिल्लांचा हंगाम टाळून. तोवर आजी त्याला आतल्या खोलीत ठेवते, आणि आजारी पडला तर डॉक्टरकडे न्यायलाही घाबरते.