शाळेच्या वाटेवरचं टोळकं

१९२४ साली मॉस्कोत बारा वर्षांच्या एका मुलाला डॉ. ग्रुन्या सुखारेवा यांच्याकडे तपासायला आणलं. पाचव्या वर्षीच तो आपला आपण वाचायला शिकला होता आणि दिवसभर पुस्तकात डोकं खुपसून बसे. अंग काटकुळं, चाल अवघडलेली. सतत धास्तावलेला, पोट तर वरचेवर दुखायचं.

अशा सहा मुलांची निरीक्षणं सुखारेवांनी १९२५ मध्ये रशियनमध्ये छापली. आजच्या ऑटिझमशी ती थक्क करण्याइतकी जुळतात. एक मुलगा सुरेख व्हायोलिन वाजवी, दुसऱ्याला आकडे पाठ, पण चेहरे ओळखू येत नसत. बरोबरीच्या पोरांत कुणालाच भाव नव्हता. एकानं तर सांगूनच टाकलं, की पोरं फार गोंगाट करतात, विचार करू देत नाहीत. (तक्रार काही अगदीच वेडगळ नव्हे.) सुखारेवांच्या शाळेत व्यायाम, चित्रकला आणि सुतारकाम यांतून या मुलांना चारचौघांत वावरायला शिकवलं जाई.

व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पर्गर यांच्या १९४४च्या निबंधात अशा मुलांचा छळ अधिक उघड दिसतो. शाळेच्या वाटेवर टवाळखोरांचं टोळकं, मधोमध असा एखादा मुलगा एकटा. कधी बेभान होऊन हात उगारतो, कधी नुसताच रडतो. काही आयांना प्राथमिक शाळा संपेपर्यंत, क्वचित पुढेही, मुलाला पोचवायला जावं लागे. त्यावरूनही चिडवाचिडवी झाली नसेल, तरच नवल!

इतकं बारकाईनं पाहणाऱ्या याच डॉक्टरांनी नाझी राजवटीत काही अपंग मुलांना व्हिएन्नातल्या 'आम श्पीगेलग्रुंड' या मुलांच्या दवाखान्यात पाठवण्याची शिफारस केली. तिथे ७८९ मुलं दगावली, त्यांतली अनेक ठरवून मारली गेली. आस्पर्गर यांचा यातला वाटा इतिहासकार हेरविग चेक यांनी २०१८ मध्ये कागदपत्रांनिशी मांडला.

लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ लोर्ना विंग यांनी १९८१ मध्ये आस्पर्गर यांचं काम इंग्रजी वाचकांपुढे आणलं. विंग यांनी स्वतः पाहिलेल्या अशा ३४ जणांत मुलांबरोबर मोठी माणसंही होती. किशोरवय सरता सरता यांच्यापैकी काहींना चिंता आणि नैराश्य घेरतं, आपण इतरांसारखे नाही हे त्यांना बोचू लागतं, असं विंग यांनी नोंदवलं. वर्षानुवर्षं टिंगल सोसलेल्याला ते आधीच कळलेलं असणार, एवढं मात्र जोडायला हवं.

१९८१ मध्येच सुखारेवा वारल्या. त्यांचा निबंध इंग्रजीत यायला १९९६ उजाडलं; एडिंबरामधल्या मानसोपचारतज्ज्ञ सुला वुल्फ यांनी त्याचं भाषांतर केलं.