सुरतेच्या मागापासून लॉजिक गेटपर्यंत

सुरत म्हटले की मराठी वाचकाला १६६४ आठवते आणि त्यामागोमाग हिरे व साड्या. खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या यंत्रमागावर राबत आली आहेत. लिंबायत, उधना या वस्त्यांत आजही मराठी कानी पडते. याच शहरात १९६१ साली स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय २००२ मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था झाले. आपल्या कुंकळ्ळीच्या एनआयटीचे ते थोरले भावंड. इलेक्ट्रॉनिक्स व संगणक शाखेच्या विद्यार्थ्याला अशा संस्थांत प्रारंभीच जो विषय भेटतो, तो डिजिटल लॉजिक डिझाइन. माग आणि हा विषय यांतील अंतर वाटते तेवढे नाही.

कापडात उभा धागा आडव्या धाग्याच्या वर असतो किंवा खाली. तिसरी शक्यता नाही. फ्रान्समधील जोसेफ-मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास हीच निवड पुठ्ठ्याच्या पट्टीवर उतरवली. छिद्र असेल तर सुई आत जाते आणि धागा उचलला जातो. नसेल तर धागा खालीच राहतो. सुरतेतील अनेक साड्यांची नक्षी जकार्ड पद्धतीनेच विणली जाते, मात्र आता पुठ्ठ्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक नियंत्रण येत आहे. पुष्कळ लेखांत जकार्डला थेट संगणकाचा जनक ठरवले जाते, ते अतिशयोक्त आहे. पट्टी आज्ञा साठवते, परंतु दोन आज्ञांचा मेळ घालून तिसरा निष्कर्ष काढत नाही. डिजिटल लॉजिकचे काम नेमके तेथून सुरू होते.

त्याचे गणित जॉर्ज बूल यांनी १८५४ च्या ग्रंथात मांडले. त्यांचे समकालीन ऑगस्टस डी मॉर्गन हे १८०६ साली मदुराईत जन्मले होते, ही माहिती पाठ्यपुस्तकात क्वचितच आढळते. पुढे १९३७ साली क्लॉड शॅनन यांनी अवघ्या एकविसाव्या वर्षी दाखवून दिले की हे बीजगणित विजेच्या स्विचांना तंतोतंत लागू पडते.

डी मॉर्गन यांचा नियम मागावरच समजून घेता येतो. उभा धागा तुटला किंवा आडवा तुटला, तर माग थांबला पाहिजे. म्हणजेच उभा शाबूत आणि आडवाही शाबूत असेल, तरच तो चालेल. नकार आत शिरताच ‘किंवा’चे ‘आणि’ झाले. मराठी व्याकरण शिकलेल्या वाचकाला यात परके काही वाटू नये. उभयान्वयी अव्ययांचाच हा हिशेब आहे.

या विषयाचे जगभर वापरले जाणारे पाठ्यपुस्तक म्हणजे एम. मॉरिस मॅनो यांचे ‘डिजिटल डिझाइन’. त्याची पहिली आवृत्ती १९८४ ची. द्विमान संख्या, बूलचे बीजगणित, समीकरणाचे लघुकरण, मग स्मृती नसलेली मंडले आणि शेवटी स्मृती असलेली मंडले, असा त्याचा क्रम. घाईत असलेला विद्यार्थी लघुकरणाचे प्रकरण परीक्षेपुरते करतो. तेथेच तो फसतो, कारण त्यामागचा खर्च त्याने मोजलेला नसतो.

एक उदाहरण पाहू. अ, ब, क या तिघांपैकी किमान दोघांनी होकार दिला तरच दिवा लागावा. सत्यता सारणीच्या आठ ओळींपैकी चार ओळींत उत्तर १ येते. त्या चार ओळी जशाच्या तशा नँड गेटनी जुळवायच्या, तर ७४०४ चा एक, ७४१० चे दोन आणि ७४२० चा एक, असे चार आयसी लागतात. १९५३ मध्ये मॉरिस कार्नो यांनी सुचवलेल्या नकाशावर हेच १ मांडले, तर त्यांच्या तीन जोड्या पडतात: अ-ब, ब-क, क-अ. आता ७४०० आणि ७४१० असे दोनच आयसी पुरतात. नकाशाचे रकाने मात्र ००, ०१, ११, १० या क्रमाने लिहावेत. शेजारच्या रकान्यांत एकच अंक बदलावा, हे त्यामागचे कारण. ते न समजता सवयीने १० आधी लिहिले, की जोड्या चुकतात आणि चूक कोठे झाली ते सापडत नाही.

खरी कसोटी स्मृतीच्या प्रकरणात लागते. वरचा माग पुन्हा डोळ्यांसमोर आणा. विणकर तुटलेल्या धाग्याला गाठ मारतो. धागा सांधला गेला त्या क्षणी आपले मंडल ‘दोन्ही शाबूत’ म्हणेल आणि बोटे आत असतानाच माग सुरू होईल. समीकरण बरोबर असूनही यंत्र घातक ठरेल. म्हणून धागा तुटल्याची नोंद धरून ठेवणारा लॅच हवा. ती नोंद विणकराने बटण दाबल्यावरच पुसली जावी. धागा तुटलेला आणि बटणही दाबलेले असेल तर? नॉर गेटच्या लॅचमध्ये दोन्ही आदेश एकदम देणे निषिद्ध मानले जाते. पुस्तकात ती सारणीतील एक ओळ असते. कारखान्यात मात्र अशा वेळी थांबण्याचा आदेशच वरचढ ठरेल, अशी मांडणी करावी लागते.

विषय इंग्रजीतून शिकावा लागतो, ही मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची जुनी अडचण. २०२१ मध्ये एआयसीटीईने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिक्षणास परवानगी दिली. परिभाषेबाबत प्रस्तुत लेखकाचे मत सरळ आहे: गेट, लॅच, फ्लिप-फ्लॉप हे शब्द तसेच राहू द्यावेत, स्पष्टीकरण तेवढे मराठीत असावे. ‘द्विमान’ आणि ‘सत्यता सारणी’ हे शब्द मात्र कानाला सहज रुळणारे आहेत. ते सोडण्याचे कारण नाही.

स्वतः शिकू इच्छिणाऱ्याने प्रत्येक प्रकरणानंतर एक तरी मंडल ब्रेडबोर्डवर जोडून पाहावे. ७४०० च्या चौदा पायांपैकी चौदावा पाच व्होल्टला आणि सातवा भूमीला जोडला, की चार नँड गेट हाताशी येतात. साहित्य नसेल तर लॉजिसिम हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर तेच काम करते.