अमृतांजन पूल आणि पाठीवरची पट्टी

पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्याच्या घाटात १८३० साली बांधलेला एक पूल लागे. त्याचे नाव सर्वतोमुखी झाले ते मात्र तेथील वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीमुळे: अमृतांजन पूल! एप्रिल २०२०च्या टाळेबंदीत तो पाडण्यात आला.

हे मलम काशिनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ साली मुंबईत काढले. (पुढे ‘आंध्र पत्रिका’ सुरू करणारे ते हेच.) त्यातील गंधपुरा तेलाचे मुख्य द्रव्य ॲस्पिरिनच्याच कुळातले. ‘वरून लावायचे, त्याने काय बिघडणार?’ हा घरोघरचा समज म्हणूनच तेव्हाही अर्धाच खरा होता. त्वचेतून औषध थोडेफार रक्तात उतरतेच.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंडमध्ये डायक्लोफिनॅक तयार झाले. त्याची चिकटपट्टी अमेरिकेत २००७ साली मान्य झाली. गोळीच्या मानाने पट्टीतून रक्तात फार कमी औषध जाते, हे तिचे खरे यश. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. पट्टी लावून वर त्याच गटाची गोळी घेणे, जखमेवर ती चिकटवणे किंवा तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवणे धोक्याचे. उष्णतेने औषध अधिक वेगाने आत शिरते. ॲस्पिरिनने दमा उसळणारे, जठरव्रणाचे वा मूत्रपिंडाचे रुग्ण आणि गर्भवती यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. वापरलेल्या पट्टीतही औषध उरतेच. ती चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी.