लोखंडी हत्तीची वंशावळ



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, इतिहासाच्या मालिकेत हे काय मध्येच! आज आपण जत्रेतल्या आणि मनोरंजन उद्यानांतल्या अशा राइड्सबद्दल बोलणार आहोत, ज्या एखाद्या प्राण्याचे रूप घेऊन येतात. चक्रातला लाकडी घोडा, पंख हलवणारे जहाज, सोंडेतून पाणी उडवणारा यांत्रिक हत्ती.

माणसाला बसून गरागरा फिरायचेच असेल तर साधी खुर्ची पुरते. मग तिला डोळे, कान, शेपूट कशाला? आणि एकदा डोळे दिले की लहान मूलसुद्धा विचारते, हा कुठून आला? कोणाचा आहे? मला पाठीवर का बसू देतो? या प्रश्नांची उत्तरे द्यायची तर एक अख्खे जग रचावे लागते. अशी जगे कोणी रचली, आणि त्यात कोणाचा बळी गेला, हे आज पाहू.

वाहन म्हणजे काय?

आपल्याला ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही. 'वाहन' हा शब्दच घ्या. गणपतीचा उंदीर हे वाहन आणि दारातली स्कूटर हेही वाहन. तमिळनाडूत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी मंदिरांचे उत्सव पाहिले असतील. उत्सवमूर्ती रोज वेगळ्या वाहनावर निघते. आज हंस, उद्या गरुड, परवा घोडा. हा घोडा स्वतः चालत नाही, माणसे त्याला खांद्यावर घेतात. तरी मिरवणुकीत तो लाकडाचा आहे असे कोणी बोलून दाखवत नाही. त्याच्यामागची कथा सगळ्यांना पाठ असते.

जुन्या साहित्यात तर याच्या दोन फार सुंदर गोष्टी आहेत. पहिली वत्सराज उदयनाची. उदयनाला दोन वेड होती, वीणा आणि हत्ती. उज्जैनच्या प्रद्योत राजाने त्याला पकडायला एक यांत्रिक हत्ती बनवला, पोटात सैनिक लपवले आणि तो रानात उभा केला. उदयन वीणा घेऊन त्याला वश करायला गेला आणि अलगद कैद झाला. भासाच्या नाटकात ही कथा आहे, कथासरित्सागरातही आहे.

दुसरी पंचतंत्रातली. एका विणकराचा राजकन्येवर जीव जडतो. त्याचा सुतार मित्र त्याला कळ फिरवली की उडणारा लाकडी गरुड करून देतो. विणकर त्यावर बसून विष्णू म्हणून राजवाड्यात उतरतो. पुढे प्रकरण युद्धापर्यंत जाते. आता हा विणकर मेला तर लोक म्हणतील विष्णूच मेला! म्हणून खुद्द विष्णूला त्याच्या मदतीला यावे लागते.

या दोन गोष्टींत आजचा सगळा विषय आहे. उज्जैनचा हत्ती बघणाऱ्याला फसवायला बनला होता. विणकराच्या गरुडामागे मात्र लोकांची आधीपासूनची श्रद्धा होती आणि ती इतकी भक्कम होती की देवालाही ती मोडवेना. आणि हे नुसते कथेतच होते असेही नाही. अकराव्या शतकात धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात लाकडी पक्ष्याच्या आकाराचे विमान आहे, तसेच फिरत्या पाळण्यांचे, म्हणजे रथदोलांचे वर्णनही आहे.

युद्धातून जत्रेत आलेला घोडा

आता युरोपात जाऊ. फिरत्या चक्रातल्या घोड्यांचे मूळ लष्करी आहे. सरदार घोड्यावरून भाल्याने कडी उचलण्याचे खेळ खेळत आणि त्याच्या सरावासाठी खांबाभोवती फिरणारे लाकडी घोडे वापरत. १६६२ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने पॅरिसमध्ये घोडेस्वारांचा प्रचंड सोहळा भरवला. त्याला 'कारुसेल' म्हणत. त्या चौकाचे नाव आजही तेच आहे.

राजेरजवाडे मागे पडले, पण सरावाचे घोडे गावोगावच्या जत्रांत उतरले. आधी ते माणसे किंवा खरी जनावरे ओढत. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये चक्राला वाफेचे इंजिन लागले. किंग्ज लिन गावच्या फ्रेडरिक सॅव्हेज या कारखानदाराने पुढे घोड्यांना वरच्या दांड्यावरून वर-खाली होण्याची गती दिली. एवढ्याशा बदलाने मोठा फरक पडला. नुसते गोल फिरणारे लाकूड आता दौडत असल्यासारखे वाटू लागले.

कोनी आयलंडचे दोन 'प्राणी'

यानंतरचा मोठा टप्पा अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर. इथे १८८५ साली हत्तीच्या आकाराचे एक हॉटेल उभे राहिले. ते १८९६ साली जळाले. १८९७ साली जॉर्ज टिल्यू या गृहस्थाने स्टीपलचेस पार्क सुरू केले. तिथे रुळांवरून यांत्रिक घोड्यांची शर्यत चाले आणि कोणीही सामान्य माणूस चार घटका जॉकी होऊ शके.

पण 'जग रचणे' ज्याला म्हणतात ते फ्रेडरिक थॉम्पसनने केले. १९०१ साली बफेलोच्या प्रदर्शनात त्याने 'चंद्राची सफर' नावाची राइड आणली. 'लूना' नावाचे हवाई जहाज, त्याला पक्ष्यासारखे हलणारे पंख. तीसेक माणसे आत बसत. जहाज जागच्या जागी डुलायचे आणि भोवतीचे रंगवलेले पडदे सरकायचे. आधी बफेलो शहर लहान होत जाई, मग नायगारा, मग खुद्द पृथ्वी. शेवटी चंद्रावर उतरायचे. तिथे चंद्रवासी भेटत, त्यांच्या राजाचा दरबार असे. इतर खेळांच्या दुप्पट तिकीट असूनही गर्दी हटत नव्हती. राइडला आरंभ, मध्य आणि शेवट असलेली गोष्ट मिळाली ती इथे.

पुढे थॉम्पसन आणि त्याचा भागीदार डंडी यांनी 'लूना' कोनी आयलंडला आणले आणि तिथे स्वतःचे लूना पार्क बांधायला घेतले. आता दुसऱ्या प्राण्याबद्दल. ही होती टॉप्सी, आशियातून लहानपणीच नेलेली हत्तीण. आयुष्यभर ती सर्कशीत राबली. त्रास देणाऱ्या एका माणसाचा तिच्या हातून मृत्यू झाला आणि तिच्यावर 'खुनी' असा शिक्का बसला. ती या नव्या पार्कच्या मालकांकडे आली, तेव्हा तिला बांधकामाचे ओंडके ओढायला जुंपले. आणि ज्या 'लूना' जहाजाबद्दल आत्ताच बोललो ते जहाज नव्या जागी हलवण्याच्या कामालाही तिलाच लावले. ही तिची प्रायश्चित्ताची शिक्षा आहे, अशा बातम्या वर्तमानपत्रांत छापून आल्या.

दृश्य डोळ्यांपुढे आणा. पंखांचे सोंग लावलेले लाकडी जहाज, ज्याच्या उड्डाणावर लोक विश्वास ठेवणार आहेत, आणि ते ढकलणारा खराखुरा जीव, ज्याला कोणी जीव मानत नाही. तिचा रखवालदार दारुडा होता आणि त्याच्या वागण्याने पुन्हा प्रकरणे घडली. मालकांनी तिला जाहीरपणे फाशी द्यायचे ठरवले. तिकीट लावायचाही विचार होता. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने विरोध केल्यावर तिकीट आणि फाशी रद्द झाले, मरण रद्द झाले नाही. ४ जानेवारी १९०३ रोजी तिला विष, वीज आणि गळफास या तिन्ही उपायांनी मारण्यात आले. एडिसनच्या कंपनीने त्याचे चित्रीकरण केले. सोळा मे रोजी लूना पार्क दिव्यांच्या झगमगाटात सुरू झाले.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. एडिसनने वीजप्रवाहाच्या भांडणात प्रतिस्पर्ध्याला बदनाम करायला टॉप्सीला मारले, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. ते भांडण दहा वर्षे आधीच मिटले होते आणि एडिसन त्या धंद्यातून बाहेर पडला होता. टॉप्सीला मारले पार्कच्या मालकांनी, स्वतःच्या जाहिरातीसाठी. दोष एका प्रसिद्ध माणसावर ढकलला की बाकी धंदा नामानिराळा राहतो, म्हणून हे नीट सांगितले पाहिजे.

नानासाहेब आणि वाफेचा हत्ती

आता एक वाट थेट आपल्या इतिहासात येते. १८८० साली फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नची एक कादंबरी प्रसिद्ध झाली. नावाचा अर्थ 'वाफेचे घर'. काळ १८६७चा, १८५७च्या उठावानंतर दहा वर्षांचा. एक इंग्रज कर्नल आणि त्याची मित्रमंडळी कलकत्त्याहून उत्तर भारताच्या प्रवासाला निघतात. त्यांची दोन चाकांवरची घरे ओढतो एक पोलादी हत्ती. पोटात बॉयलर, सोंडेतून धूर. भूतानच्या राजासाठी तो बनवला होता, पण राजा वारला, असे लेखक सांगतो. पाहा, 'हा कुठून आला' या प्रश्नाचे उत्तर व्हर्नने चोख देऊन ठेवले आहे.

कर्नलच्या मनात सूड आहे आणि तो ज्याच्या शोधात आहे तो माणूस म्हणजे बिठूरचे नानासाहेब पेशवे. इतिहासात नानासाहेब १८५९च्या सुमारास नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले. कादंबरीत मात्र ते खलनायक म्हणून परत येतात आणि शेवटी त्या हत्तीचा बॉयलर फुटतो तेव्हा त्यावर बांधलेले असतात.

कानपूर-बिठूर भागात आजही मराठी घरे आहेत. त्यांनी ही कादंबरी वाचताना काय वाटेल? हत्ती हे भारताचे चिन्ह, पण त्याची कळ साहेबाच्या हातात, आणि त्याचा स्फोट पेशव्यावर. व्हर्नला यंत्राचे प्रेम होते आणि इंग्रजी राज्यावर त्याने इतरत्र टीकाही केली आहे. तरी या जगातला भारत म्हणजे खिडकीतून बघायचा देखावा आहे. काल्पनिक जग रचणारा माणूस कोणाला हत्तीवर बसवतो आणि कोणाला रस्त्याकडेला उभा करतो, हे म्हणूनच तपासून पाहावे.

नांतचा हत्ती

व्हर्नचा जन्म फ्रान्समधल्या नांत शहरातला. १९८७ साली तिथली जहाजबांधणी बंद पडली आणि नदीतल्या बेटावरचे कारखाने ओस पडले. २००५ साली, व्हर्नच्या मृत्यूच्या शताब्दीला, रॉयाल द लुक्स या रस्त्यावर नाटके करणाऱ्या मंडळीने एक प्रचंड चालता हत्ती आणला. गोष्ट अशी, की हिंदुस्थानचा सुलतान काळातून प्रवास करणाऱ्या हत्तीवर बसून शहराच्या भेटीला आला आहे. हत्तीचा रचनाकार होता फ्रांस्वा दलारोझिएर.

पुढे त्यानेच पिएर ओरेफिस यांच्याबरोबर जुन्या गोदीत 'बेटावरची यंत्रे' हा प्रकल्प उभा केला. २००७पासून तिथे नवा हत्ती चालतो. उंची १२ मीटर, वजन ४८ टनांच्या आसपास, एका वेळी पन्नासेक माणसे. पापण्या मिटतात, कान हलतात, सोंडेतून पाण्याचे फवारे पोरांच्या अंगावर येतात. गंमत म्हणजे इथे काहीही लपवलेले नाही. लाकडी कातडीच्या फटींतून पोलादी सांगाडा दिसतो, चालक दिसतो, खालची चाके दिसतात. उज्जैनच्या हत्तीने आतली माणसे लपवली होती. हा हत्ती ती उघड दाखवतो आणि तरीही समोरचे लोक त्याला वाट करून देतात. जिथे लोखंड तासून जहाजे बनत, तिथे तेच कसब हत्तीच्या रूपाने जगले, हा त्या शहराच्या दृष्टीने खरा अर्थ.

आणि त्रिशूरचा रामन

ही वंशावळ फ्रान्समध्ये थांबत नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये केरळच्या त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजादप्पिल्ली श्रीकृष्ण मंदिरात एक हत्ती देवाला अर्पण झाला. नाव इरिंजादप्पिल्ली रामन. उंची साधारण ११ फूट, वजन सुमारे ८०० किलो. विजेवर चालतो. डोके, कान, सोंड, शेपूट हलते. पाठीवर माणसे बसू शकतात. प्राणिमित्र संस्थेने तो दिला आणि यापुढे उत्सवासाठी जिवंत हत्ती ठेवायचा नाही, असे मंदिराने ठरवले.

काही जण म्हणतील, हे तर खेळणे झाले. त्यांची हरकत समजण्यासारखी आहे. केरळात हत्तीशिवाय पूरम म्हणजे आपल्याकडे ढोलाशिवाय विसर्जन. पण साखळदंड, तापलेला डांबरी रस्ता, फटाके आणि गर्दी यांत उभ्या असलेल्या हत्तीची बाजूही आहे आणि ती त्याला मांडता येत नाही. रामनसाठी नवे जग रचायची गरजच पडली नाही. ते तयार होते. हत्ती अर्पण करण्याचा विधी जुनाच, नावाची पद्धत जुनीच, देवही तोच. बदलले एवढेच, की यात कोणाच्या पायात साखळी नाही.

आपल्या देशात आता मोठमोठी उद्याने होत आहेत आणि त्यांत यांत्रिक प्राणी येणारच. ते घडवणाऱ्यांपैकी कोणी हा भाग वाचत असेल, तर एवढेच सांगणे. अभियांत्रिकी तुम्हाला येतेच. पण आपला प्राणी कोणाचा, तो कशासाठी पाठ देतो, आणि त्याच्या गोष्टीत जिवंत जनावराचे आणि रस्त्याकडेच्या माणसाचे स्थान काय, हे आधी कागदावर लिहा. सुताराने गरुड करून दिला होता, पण विणकराला वाचवायला विष्णूलाच यावे लागले. गोष्ट इतकी नेकीची असावी, की तिला सांभाळावेसे देवालाही वाटावे.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.