उत्तरातील उतारा

उत्तरातील उतारा : ई-मेलला उत्तर देताना मूळ मेलमधला संबंधित मजकूर पुन्हा उतरवून घेणे, तो दुसऱ्याचा आहे हे खुणेने दाखवणे आणि कोणी व कधी लिहिला हे वर एका ओळीत सांगणे, अशी तिहेरी लेखनरीत. खूण म्हणून उताऱ्याच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला > हे चिन्ह येते; या नोंदीत त्याला ‘बाण’ म्हटले आहे. वरच्या ओळीला ‘नाव-ओळ’ म्हटले आहे. बाण आणि नाव-ओळ मेलचा प्रोग्राम किंवा टेक्स्ट एडिटर आपोआप घालतो. उताऱ्यातले काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे मात्र उत्तर लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.

मराठी पत्रव्यवहारात ही रीत फार आधीपासून आहे. मराठेकालीन मोडी पत्रांत उत्तराची सुरुवात आलेल्या पत्राच्या पोचेने होते : अमुक तारखेचे पत्र पाठविले ते पावले, मजकूर कळला. तारखेपूर्वी ‘छ’ म्हणजे चंद्र हे अक्षर घालून मुसलमानी महिना दिलेला असतो. मग समोरच्याचे म्हणणे येते आणि ‘म्हणोन लिहिले’ या शब्दांनी ते बंद होते. लगेच ‘त्यास’ म्हणून आपले उत्तर सुरू. पुढचा मुद्दा, पुन्हा ‘म्हणोन लिहिले’, पुन्हा ‘त्यास’. त्या लेखनात अवतरणचिन्ह नव्हते, पूर्णविराम नव्हता, शब्द सुटे लिहिण्याचीही पद्धत नव्हती. (मराठीत विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात रुळली, त्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते.) तरीही दुसऱ्याचे बोलणे कुठे संपले आणि आपले कुठे सुरू झाले, याबद्दल वाचणाऱ्याला शंका राहत नसे, कारण ते काम या दोन शब्दांवर सोपवलेले होते. ई-मेलमधल्या मुद्द्यामागून मुद्द्याच्या उत्तराला याहून जवळची तुलना नाही.

आजही तालुक्याच्या गावी हाच सांगाडा रोज वापरात आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे उदाहरण घेऊ. पूस नदीकाठच्या या गावात न्यायालय, तहसील आणि पंचायत समिती आहे, आणि महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी राजकारणात येण्याआधी इथे वकिली केली. दिवाणी दाव्यात प्रतिवादीचा लेखी जबाब वादपत्राच्या कलमांना क्रमाने उत्तर देतो : वादपत्रातील कलम ३ मधील मजकूर खोटा असून नाकबूल आहे, कलम ४ मधील मजकूर अमुक भागापुरता कबूल आहे. असे लिहिण्यामागे कायदा आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ८, नियम ३ ते ५ प्रमाणे मोघम नकार पुरत नाही, आणि जे विधान स्पष्टपणे किंवा ओघाने नाकारलेले नाही ते सामान्यतः कबूल धरले जाते. म्हणजे समोरच्याचा कोणता शब्द हातात धरून आपण बोलतो आहोत, हे न दाखवण्याची किंमत दाव्यात मोजावी लागू शकते.

कार्यालयीन पत्रात हे काम ‘संदर्भ’ करतो. ‘विषय’ या ओळीखाली आलेल्या पत्राचा जावक क्रमांक आणि दिनांक येतो, मग ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये’ अशी सुरुवात होते. लेखापरीक्षणाच्या आक्षेपांना द्यायचा अनुपालन अहवाल किंवा वरिष्ठांनी मागवलेला मुद्देनिहाय अहवाल यांत तर चक्क रकाने असतात : अनुक्रमांक, मुद्दा, खुलासा. डावीकडे त्यांचे शब्द, उजवीकडे आपले. बाणाच्या मेलमध्ये हेच वरखाली होते.

संगणकाच्या जाळ्यावरून एका यंत्रातून दुसऱ्यात मेल पाठवण्याची सुरुवात रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केली. ऑगस्ट १९८२ च्या आरएफसी ८२२ या मानकात ‘हे कशाला उत्तर आहे’ आणि ‘संदर्भ’ अशा अर्थाच्या दोन शीर्ष-ओळी आहेत. त्यांत मूळ मेलचा ओळख-क्रमांक येतो. हा जावक क्रमांकच, फक्त डोळ्यांआडचा. मेल एकाखाली एक लागतात ते त्याच्या आधारावर. पण संबंध यंत्राला कळला म्हणून वाचणाऱ्याला कळतोच असे नाही, आणि त्यासाठी उतारा लागतो. ऑक्टोबर १९९५ मध्ये आलेल्या आरएफसी १८५५ या शिष्टाचाराच्या टिपणात साधा सल्ला आहे : उत्तरात मूळ मजकुराचा सारांश द्यावा किंवा संदर्भ समजेल इतकाच भाग घ्यावा, सगळे पत्र पुन्हा चिकटवू नये.

साधा मजकूर लिहिणाऱ्या एडिटरांनी उतारा घेण्याचे हे काम सोपे केले. मट या मेल-प्रोग्राममध्ये रिप्लायची कळ दाबली की उतारा बाणांसह तयार होतो आणि व्हिम किंवा इमॅक्ससारख्या एडिटरमध्ये उघडतो. नाव-ओळीचा साचा सेटिंगमध्ये आपण स्वतः लिहून ठेवू शकतो, मराठीतसुद्धा. व्हिममध्ये जीक्यू या आज्ञेने लांबलचक परिच्छेद पुन्हा बसवता येतो, आणि बाण ओळखण्याची सोय सुरू असेल तर प्रत्येक नव्या ओळीला बाण लागतो. इमॅक्ससाठी बॅरी वॉर्सॉ यांनी लिहिलेले सुपरसाइट याहून पुढे गेले : नुसत्या बाणाऐवजी लिहिणाऱ्याची आद्याक्षरे प्रत्येक ओळीच्या आधी लावण्याची सोय त्यात होती. चार जण बोलत असले तर तीच रीत सर्वांत स्पष्ट. दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा अशी ओळ टाकून त्याखाली सही लिहिण्याची पद्धतही याच जगातली. त्या ओळीखालचे सारे उताऱ्यातून वगळायचे, हे चांगल्या प्रोग्रामला कळते.

पुढे ऑफिसच्या संगणकांवर वेगळी सवय रुजली : उत्तर वर, आणि खाली मूळ मेल जशीच्या तशी, न छाटता. ‘बरे, येतो’ एवढेच कळवायचे असेल तर त्यात काही बिघडत नाही. पाच प्रश्न विचारले असताना वर ‘होय’ आणि खाली तीन पानांची शेपटी, हे मात्र उत्तर नव्हे. कोणत्या प्रश्नाला होय, हे विचारणाऱ्याला पुन्हा विचारावे लागते. २००४ मध्ये आलेल्या जीमेलने ही शेपटी तीन टिंबांमागे झाकली. त्यामुळे ती दिसेनाशी झाली, पण मेलसोबत पुढे जातच राहिली. मेल तिसऱ्या माणसाला पाठवली की त्याच्यासाठी नसलेले बोलणेही त्याच्यापर्यंत पोचते.

उताऱ्यातले उतारे बाणांच्या संख्येवरून ओळखायचे : एक बाण म्हणजे मागची मेल, दोन बाण म्हणजे त्यामागची. पुढचा नमुना केवळ उदाहरणासाठी, शाळा आणि गटशिक्षण कार्यालय यांच्यातला :

दि. ११ जुलै रोजी मुख्याध्यापक यांनी लिहिले :
> दि. ९ जुलै रोजी गटशिक्षण कार्यालयाने लिहिले :
> > परवापर्यंत पटसंख्या कळवा.
> कळवली आहे. तक्ता सोबत जोडला.

तक्ता उघडत नाही. पुन्हा पाठवा.

यातली दुसरी ओळ कुणी जागा वाचवायला काढून टाकली आणि ओळी बसवताना एक बाण गळला, तर ‘परवापर्यंत पटसंख्या कळवा’ हा हुकूम मुख्याध्यापकांच्या नावावर जातो. शिवाय ‘परवा’ ९ तारखेपासून मोजायचा होता, तो ११ पासून मोजला जातो आणि मुदत दोन दिवस पुढे सरकते. मराठीत ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही, त्यामुळे तारखेविना तो उतारा निरुपयोगीच. ‘आपण’चेही तसेच. ‘आपण निर्णय घ्यावा’ यातले आपण म्हणजे समोरचा की आपण सगळे, हे कोणी कोणाला लिहिले त्यावरच कळते. नाव-ओळ ही सजावट समजून उडवणारे हे ध्यानात घेत नाहीत. दुसऱ्याच्या तोंडी न बोललेले शब्द घालणे हा अन्याय आहे, आणि इथे तो एक ओळ पुसल्याने घडतो.

मराठी वाक्याचा नकार शेवटी येतो, आणि त्यामुळे उतारा तोडताना मराठीत विशेष जपावे लागते. मेल साध्या मजकुरात लिहिताना ओळ साधारण ७२ ते ७८ अक्षरांवर मोडण्याची प्रथा आहे. बाण लागला की ओळ लांबते, मर्यादेपलीकडे जाते आणि एखादा अडाणी प्रोग्राम ती मधेच तोडतो :

> कार्यारंभ आदेश मिळाल्याशिवाय कोणीही काम सुरू
करू नये.

खालच्या तुकड्याला बाण नाही. तो आता उत्तर देणाऱ्याचा झाला, आणि वरच्या उताऱ्याचा नकारच गेला. फेब्रुवारी २००४ च्या आरएफसी ३६७६ मध्ये यावर तोड आहे : ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा सोडली की ती ओळ पुढच्या ओळीला जोडलेली समजायची आणि वाचणाऱ्याच्या पडद्याप्रमाणे पुन्हा बसवायची. हे सगळीकडे पाळले जात नाही. म्हणून पाठवण्याआधी बाणांची डावी कड वरून खाली एकदा नजरेने तपासावी. स्वतः छाटताना वाक्य मधून कापू नये. ठेवायचे तर क्रियापदापर्यंत सगळे ठेवावे, नाहीतर अख्खे काढावे.

नाव-ओळीच्या बाबतीत मात्र मराठी व्याकरण प्रोग्रामला फार सोयीचे आहे. ‘म्हणाले’, ‘म्हणाली’ यात बोलणाऱ्याचे लिंग लागते, यंत्राला ते ठाऊक नसते. ‘यांनी लिहिले’ मध्ये क्रियापद लिहिणाऱ्याप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे एकच साचा बाई-पुरुष दोघांना चालतो. ‘यांनी’ सुटा शब्द असल्याने नावाचे सामान्यरूपही करावे लागत नाही, आणि आदर आपोआप राखला जातो. साच्यात तारीख घालताना महिना अक्षरांत लिहावा. ०३/०४ हे पुसदला ३ एप्रिल असते, अमेरिकेतल्या मुलीला ते ४ मार्च वाटू शकते. वेळेचेही तसेच : भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आणि अमेरिकेची मागे, म्हणून तिथली रविवारची रात्र इथे सोमवारची सकाळ असते. मटच्या साच्यात पाठवणाऱ्याच्या वेळेसाठी लहान डी आणि वाचणाऱ्याच्या वेळेसाठी मोठा डी असे दोन पर्याय आहेत. उताऱ्यात ‘आज’, ‘उद्या’ असे शब्द असतील तर पाठवणाऱ्याची वेळ घेणेच बरोबर.

देवनागरी मजकुराच्या स्वतःच्या अडचणीही आहेत. यूटीएफ-८ या युनिकोडच्या संकेतप्रणालीत प्रत्येक देवनागरी वर्णाला तीन बाइट लागतात, मात्रा आणि हलन्त वेगळे मोजून. मेलच्या एका ओळीची कमाल मर्यादा ९९८ बाइट, म्हणजे जेमतेम ३३२ वर्ण. न मोडलेला मोठा परिच्छेद ती सहज ओलांडतो. म्हणून प्रोग्राम मजकूर सांकेतिक रूपात बांधून पाठवतात आणि पलीकडे तो पुन्हा उलगडतो. मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे ही शीर्षातली सूचना गहाळ झाली, तर एका ‘क’ऐवजी तीन परकी चिन्हे दिसतात, आणि तसाच उतारा पुन्हा पाठवला तर त्या तिन्हींचे आणखी तुकडे होतात.

युनिकोडपूर्व फाँटांतल्या जुन्या मेलचा प्रश्न याहून अवघड. त्यांत अक्षरे आतून रोमनच साठवलेली असतात आणि मराठी दिसते ती केवळ फाँटच्या जोरावर. साध्या मजकुराच्या एडिटरमध्ये फाँट राहत नाही, त्यामुळे रिप्लाय दाबताच उतारा अर्थहीन रोमन अक्षरांचा होतो. अशा वेळी मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणून मुळाशी ताडून पाहावा, कारण रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी यांत परिवर्तक चुकतात. मग नाव-ओळीतच ‘फाँट बदलून’ असे दोन शब्द घालावेत, म्हणजे उताऱ्यातली एखादी चूक मूळ लिहिणाऱ्याच्या माथी बसणार नाही.